पिण्याचा तलाव की पाणथळ? जालन्याच्या शहरी जलाशयांचा प्रश्न

शहरी पाणथळ उद्यान ही तशी अलीकडची कल्पना आहे. शहराच्या हद्दीत किंवा वेशीलगत असलेली पाणी, चिखल आणि लव्हाळ्यांची जागा राखायची, तिथल्या पाणपक्ष्यांना, माशांना, बेडकांना निवांतपणा द्यायचा आणि ठरावीक वाटांवरून माणसांना ती पाहू द्यायची, असे तिचे स्वरूप. नगरपालिकेच्या बागेत पाणी आणि झाडे माणसाच्या सोयीने मांडलेली असतात. इथे माणसाची ये-जा पाण्याच्या आणि पाखरांच्या सोयीने आखावी लागते. लंडनच्या बार्न्स भागात वापरातून गेलेल्या चार जुन्या जलाशयांच्या जागी ४२ हेक्टरांवर असे केंद्र उभे राहिले आणि २००० साली ते लोकांसाठी खुले झाले. हाँगकाँगचे ६१ हेक्टरांचे पाणथळ उद्यान २००६ मध्ये सुरू झाले. तिन शुई वाई या नव्या वसाहतीखाली गेलेल्या पाणथळीची भरपाई म्हणून ते आखले गेले होते.

मराठवाड्यात हा प्रश्न निराळ्या रूपात समोर येतो. सीमेपलीकडचे, बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सोडले तर नैसर्गिक सरोवर म्हणावे असे पाणी या भागात जवळपास नाही. जे दिसते ते कोणी ना कोणी बांध घालून अडवलेले, आणि बहुतेक वेळा पिण्यासाठी किंवा शेतीसाठी अडवलेले. त्यामुळे इथे पाणथळ उद्यानाची चर्चा म्हणजे तलावांची चर्चा, आणि तलावांची चर्चा म्हणजे मे महिन्यातल्या पाण्याची चर्चा. जालना हे या प्रश्नाचे चांगले उदाहरण आहे.

जालन्याचे पाणी

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला. सुमारे ७,७०० चौरस किलोमीटरच्या या जिल्ह्यात वनक्षेत्र अगदीच थोडे आहे. दक्षिणेची सीमा गोदावरीची. आतल्या भागात पूर्णा, दुधना, गिरजा, केळना या नद्या. खाली काळा बेसाल्ट, वर काळी माती, आणि वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा. जालना शहर कुंडलिका नदीच्या दोन्ही काठांवर वसले आहे. ही नदी पुढे दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला.

अशा मुलखात शहर वसवायचे तर तलाव बांधणे भाग होते. मलिक अंबरच्या काळात जालन्याचा कारभार पाहणाऱ्या जमशेदखानाने शहराच्या पश्चिमेला मोती तलाव बांधला आणि त्याचे पाणी जमिनीखालच्या नळांनी व हौदांनी शहरात खेळवले, अशी नोंद गॅझेटिअरमध्ये आहे. काळी मशीदही त्याचीच. त्याच नोंदीनुसार भरभराटीच्या काळात शहरात पाच तलाव होते. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण व्यापारामुळे रूढ झाली असे मानतात, पण एवढ्या कमी पावसाच्या जागी बाजारपेठ टिकली ती या तलावांच्या आधारावर, हे सांगायचे राहून जाते.

दुसरा मोठा टप्पा निजामाच्या राजवटीतला. १९३० च्या दशकात शहराच्या वरच्या अंगाला, कुंडलिकेवर घाणेवाडीचा जलाशय बांधला गेला. आज तो संत गाडगेबाबा जलाशय या नावानेही ओळखला जातो. त्याची खुबी अशी की पाणी उताराने शहरात येते, उपशासाठी विजेचा खर्च नाही. कित्येक दशके नव्या जालन्याची तहान या एका जलाशयावर भागली. पुढे शहर वाढले. पोलादाचे कारखाने, बियाण्यांचे उद्योग आणि बाजार समिती यांच्याभोवती वस्ती दाटली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या २,८५,५७७ होती. २०२३ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली.

२०१२-१३ चा दुष्काळ हे या कथेतले वळण. राज्यात सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत जालना होता. मोसंबीच्या बागा वाळल्या, शहराला टँकरवर दिवस काढावे लागले. त्याच सुमारास पैठणच्या नाथसागरातून, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयातून, जालन्यासाठी पाइपलाइनने पाणी येऊ लागले. एकीकडे घाणेवाडीचा गाळ काढण्यासाठी नागरिकांनी घाणेवाडी जलसंरक्षण मंचाच्या माध्यमातून काम उभे केले, कुंडलिकेच्या पात्रात शिरपूर पद्धतीचे बंधारे झाले. दुसरीकडे, पाणी लांबून येऊ लागल्यामुळे जवळच्या तलावांकडे पाहण्याची दृष्टीही बदलू लागली. मोती तलावाचे पाणी तर आता कोणी पिण्यासाठी धरत नाही. तिथे गणेशविसर्जन होते, शेजारी मोतीबाग आहे, संध्याकाळी लोक फिरायला येतात. तलाव हे पाण्याचे साधन न राहता ‘जागा’ झाले, आणि जागेचे काय करायचे हा प्रश्न उभा राहिला. उद्यानाची कल्पना इथून सुरू होते.

तलाव पाणथळ कसा होतो

बांधलेला तलाव पाणथळ होतो तो त्याच्या उथळ काठांमुळे. भिंतीजवळ पाणी खोल असते. तिथे पाणकावळे आणि बुडी मारणारी बदके सापडतात. विरुद्ध बाजूला, जिथून ओढा आत येतो तिथे, वर्षानुवर्षे गाळ साचून जमीन मंद उताराची होते. जीवसृष्टीच्या दृष्टीने तलावाचे सोने या शेपटाकडे असते. घोटाभर पाण्यात शेकाट्या आणि तुतवार चोची खुपसतात, लव्हाळ्यात जांभळ्या पाणकोंबड्या, कमळाच्या पानांवर कमळपक्षी, ओल्या गवतावर चरणारे पट्टकादंब, किनाऱ्याच्या चिखलात धोबी. हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या, तलवार बदक असे उत्तरेकडचे पाहुणे मराठवाड्याच्या जलाशयांवर उतरतात. नाथसागर हे त्यांचे सर्वात मोठे ठिकाण. सुमारे ३४० चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र १९८६ मध्ये जायकवाडी पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले. भोवतालचे लहान तलाव त्याला जोडलेले थांबे आहेत. एका जागेचे पाणी चढले किंवा गोंगाट झाला की थवे दुसरीकडे जातात.

यात पाण्याची चढउतार फार महत्त्वाची असते. ऑक्टोबरात काठोकाठ भरलेला तलाव मार्चपर्यंत अर्धा होतो, कारण उपसा असतो आणि उन्हाळ्याचे ऊनही असते. मराठवाड्यात उघड्या पाण्यावरून वर्षाला दीड मीटरहून अधिक पाणी वाफ होऊन जाते, त्यामुळे उथळ तलावांचा मोठा वाटा असाच संपतो. पाणी मागे सरकते तसा रोज नवा चिखल उघडा पडतो आणि चिखलातले किडे-गोगलगायी पक्ष्यांना मिळतात. उघड्या पडलेल्या जमिनीत लोक गाळपेर करतात: हरभरा, काकडी, टरबूज, चारा. पाणथळ म्हणून विचार केला तर मे महिन्यात तलाव आटणे म्हणजे त्याचा मृत्यू नव्हे. कोरड्या पडलेल्या तळात हवा खेळते, साचलेले सेंद्रिय द्रव्य कुजून जाते, चिलापीसारखे परके मासे मरतात आणि पहिल्या पावसानंतर बेडकांची पैदास निर्वेध होते. बाराही महिने एकाच पातळीला भरलेला तलाव छायाचित्रात शोभतो, पण पाणपक्ष्यांच्या दृष्टीने तो गरीब असतो.

शहराने या ऋतुचक्रात एक नवी गोष्ट घातली आहे, ती म्हणजे सांडपाणी. नाल्यांतून येणारे पाणी उन्हाळ्यातही थांबत नाही. त्यातला नत्र आणि स्फुरद जलपर्णीला खत पुरवतो, पाणकणसाचे दाट ताटवे वाढतात, खाली प्राणवायू संपतो. तरीही याच पाण्यामुळे काही शहरी तलाव मे महिन्यात ओले राहतात आणि पक्षी तिथे टिकतात. सांडपाणी पूर्ण बंद केले तर तलाव कोरडा पडेल, चालू ठेवले तर सडेल. शहरी पाणथळींच्या व्यवस्थापनातला हा सर्वात अवघड पेच आहे आणि बहुतेक आराखड्यांत त्याचा उल्लेखही नसतो.

गाळ काढावा की ठेवावा

जालन्यात सर्वात जोरकस भूमिका पाणीपुरवठ्याच्या बाजूची आहे, आणि ती समजण्यासारखी आहे. जलाशयातून एक घनमीटर गाळ निघाला की प्रत्येक भरणीला एक हजार लिटर पाणी जास्त मावते. निघालेला गाळ शेतकरी स्वतःच्या खर्चाने ट्रॅक्टरने नेतात, हलक्या जमिनीवर पसरतात, दोन-तीन हंगाम खत कमी लागते. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही राज्य सरकारची २०१७ ची योजना याच हिशेबावर उभी राहिली आणि २०२३ मध्ये ती नव्याने हाती घेतली गेली. घाणेवाडीचे काम सरकारी योजनेच्याही आधीचे, लोकवर्गणीचे. या बाजूचे म्हणणे असे की पाण्यासाठी दोन-दोन आठवडे वाट पाहणाऱ्या शहराला पक्ष्यांसाठी उथळ पाणी राखा म्हणणे ही चैन आहे. शिवाय खोल पाण्याचा पृष्ठभाग कमी, म्हणून बाष्पीभवनही कमी. तेव्हा खोलीकरण हाच किफायतशीर मार्ग.

पक्षिमित्रांची भूमिका याच्या समोर उभी आहे, तिचे सर्वात भक्कम उदाहरण नाशिक जिल्ह्यात सापडते. नांदूर मधमेश्वरचा बंधारा गोदावरी-कादवा संगमावर १९०७ ते १९११ या काळात बांधला गेला. सिंचनासाठी बांधलेल्या या बंधाऱ्यात गाळ साचत गेला, बेटे तयार झाली, उथळ दलदल पसरली, आणि नेमक्या त्या गाळामुळेच ती जागा पाणपक्ष्यांनी भरली. १९८६ मध्ये अभयारण्य झाले, आणि महाराष्ट्रातले पहिले रामसर क्षेत्र म्हणून त्याची घोषणा जानेवारी २०२० मध्ये झाली. अभियंत्याच्या वहीत जो तोटा, तो पक्षिशास्त्राच्या वहीत जमेला धरला गेला. पण या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाच्या चांदोरी, सायखेडा या गावांत पुराचे पाणी शिरते आणि गाळ काढण्याची मागणी तिथे वारंवार होते. गाळाची किंमत कोणीतरी मोजत असते.

दोन्ही भूमिका पूर्णपणे एकमेकांविरुद्ध आहेत असे मात्र नाही. गाळ कुठून काढायचा हे ठरवले तर वादाची धार बरीच कमी होते. भिंतीकडचा आणि मूळ ओढ्याच्या पात्रातला गाळ काढला तर साठा वाढतो; शेपटाकडची मंद उताराची पट्टी आणि एखाद-दुसरे बेट सोडले तर पाणपक्ष्यांचेही भागते. काठ उभे कापण्याऐवजी उतरते ठेवणे, काम एप्रिल-मेमध्येच करणे आणि एका वर्षी एकाच भागात करणे, या साध्या अटी आहेत. गाळाखाली मुरूम लागेपर्यंत खोदू नये हे तर जलसंधारणवालेही मान्य करतात, कारण मग पाणी साठण्याऐवजी झिरपून जाते. भूजल वाढवायचे असेल तर ते चालते, नळाला पाणी द्यायचे असेल तर चालत नाही. प्रत्यक्षात यंत्र भाड्याने तासावर मिळते आणि गाळ जिथून उचलायला सोपा तिथूनच उचलला जातो. तो असतो बहुधा शेपटाकडचाच, कारण तिकडचे पाणी आधी आटते.

बाग, रोजगार आणि श्रद्धा

तिसरी भूमिका नगरप्रशासनाची आणि शहरातल्या मोठ्या वर्गाची. काठाने फरसबंदीचा रस्ता, दिवे, बाके, कारंजी, नौकाविहार, जमल्यास खाद्यपदार्थांची चौपाटी, असे या आराखड्यांचे स्वरूप राज्यभर सारखेच असते. पर्यावरणवादी मंडळी त्याला नाके मुरडतात, पण त्यामागचा युक्तिवाद हलका नाही. मोकळ्या जागा कमी असलेल्या शहरात वृद्धांना चालायला, मुलांना खेळायला काठ मिळतो. ज्या तलावावर रोज माणसे येतात तिथे राडारोडा टाकणे आणि अतिक्रमण करणे कठीण जाते. पाठ फिरवलेले तलाव आधी बुजतात, हा अनेक शहरांचा अनुभव आहे. विरोध असतो तो मुख्यतः तीन गोष्टींना: काठ सिमेंटने बांधून काढणे, रात्रभर दिवे लावणे आणि यांत्रिक होड्या. पहिल्याने चिखलाची पट्टीच नाहीशी होते, दुसऱ्याने रातथाऱ्याचे पक्षी उठतात, तिसऱ्याने हिवाळी थवे बसत नाहीत. भोपाळच्या मोठ्या तलावात क्रूझ आणि यांत्रिक नौकांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०२३ मध्ये बंदी घातली.

तलावावर पोट असणाऱ्यांचा आवाज या चर्चेत सर्वात क्षीण असतो. मासेमारी करणारे भोई आणि कहार, गाळपेर करणारी कुटुंबे, गुरे चारणारे, धुणे धुणारे. उद्यानाला कुंपण पडले की यांची वाट आधी बंद होते. कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळी या संदर्भात नेहमी आठवल्या जातात. १२,५०० हेक्टरांच्या त्या क्षेत्रात शहराचे सांडपाणी उथळ तळ्यांत फिरवून त्यावर मासे वाढवले जातात आणि ऊन व शेवाळ मिळून पाणी स्वच्छ करतात. ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने त्या लोकविद्येची शास्त्रीय मांडणी केली, आणि २००२ मध्ये रामसर यादीत ती जागा गेली ती मासेमारांसकट. जालन्याच्या सांडपाण्यात कारखान्यांचे पाणी मिसळत असेल तर तो नमुना जसाच्या तसा उचलता येणार नाही. पण उपजीविका आणि संरक्षण एकत्र नांदू शकतात एवढे त्याने दाखवले.

विसर्जनाचा प्रश्न वेगळा. मोती तलाव जालन्याच्या गणेशोत्सवाशी जोडलेला आहे आणि ते नाते तोडून कोणताही आराखडा टिकणार नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत शाडूच्या मूर्ती, निर्माल्य वेगळे काढणे आणि विसर्जनासाठी तात्पुरती कुंडे यांवर भर आहे. तलावाच्या काठालाच वेगळे विसर्जन कुंड ठेवले तर परंपरा आणि पाणी दोन्ही सांभाळता येतात. कितीतरी गावांनी तो तोडगा स्वीकारला आहे.

याखेरीज उद्यानाच्या कल्पनेविषयीच साशंक असणारे लोक आहेत. त्यांचा प्रश्न सरळ आहे: नळ आणि गटारे धड नसलेल्या शहराने आधी उद्यानावर खर्च का करावा? डासांची भीतीही ते पुढे करतात. ती साचलेल्या सांडपाण्याबाबत खरी आहे. मासे, चतुर आणि बेडूक टिकून असलेल्या पाण्याबाबत ती बरीच कमी खरी आहे.

कायदा कुठे थांबतो

पाणथळींविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधल्या रामसर येथे झाला. भारत त्यात १९८२ मध्ये सामील झाला. या कराराची पाणथळीची व्याख्या मोठी ऐसपैस आहे, नैसर्गिक आणि मानवनिर्मित असा भेद ती करत नाही. भारताचे आजचे नियम, म्हणजे २०१७ चे पाणथळ संवर्धन व व्यवस्थापन नियम, हा भेद करतात. पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले जलाशय, तसेच सिंचन, मत्स्यपालन, मीठ आणि करमणूक यांसाठी खास बांधलेल्या रचना त्यांनी व्याख्येबाहेर ठेवल्या. जालन्यासाठी ही तरतूद निर्णायक आहे. घाणेवाडी पिण्यासाठी बांधलेला. मोती तलावही पिण्यासाठीच बांधलेला, चारशे वर्षांपूर्वी. आज त्याचे पाणी कोणी पीत नसले तरी नियमाचा शब्द ‘बांधलेला’ असा आहे, ‘वापरला जाणारा’ असा नाही. ज्या तलावाचा मूळ हेतू संपला आहे त्याला सवलत लागू राहते का, यावर दोन्ही बाजूंनी वाद घालता येतो.

नियमांखाली अधिसूचित झालेल्या पाणथळीत भराव, अतिक्रमण, घनकचरा टाकणे, प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडणे आणि मागील दहा वर्षांच्या सरासरी पूररेषेपासून पन्नास मीटरांत कायम बांधकाम करणे यांना मनाई आहे. हे संरक्षण अधिसूचनेनंतरचे. त्याआधीच्या काळासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये उपग्रह नकाशांवरील सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळींना अंतरिम कवच दिले आणि डिसेंबर २०२४ मध्ये ताज्या यादीतल्या २,३१,१९५ पाणथळींची जागेवर पडताळणी व सीमांकन करण्यास राज्यांना सांगितले. उपग्रहाला तलाव पिण्याचा की सिंचनाचा हे दिसत नाही, त्यामुळे बांधलेले तलावही अशा नकाशांत उमटतात. पडताळणीत ते वगळायचे की ठेवायचे, हा राज्यांपुढचा खरा प्रश्न आहे.

पाणथळ नियम लागू नसले तरी इतर वाटा मोकळ्या आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सरकारी जमिनीवर संवर्धन राखीव क्षेत्र करता येते. नवी मुंबईतल्या रोहित पक्ष्यांच्या डीपीएस तलावासाठी राज्य वन्यजीव मंडळाने २०२५ मध्ये हीच वाट धरली. जैवविविधता कायद्याखाली वारसास्थळ घोषित होऊ शकते, जसे सिंधुदुर्गातल्या बांबर्डे येथील दलदलीच्या जंगलाला ते २०२१ मध्ये मिळाले. आणि सर्वात साधी, सर्वात दुर्लक्षित वाट म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात तलाव, त्याचा काठ आणि त्याला पाणी आणणारे ओढे यांवर आरक्षण टाकणे. तलाव वाचवून ओढे बुजवले की दहा वर्षांत तलाव आपोआप बुजतो.

मात्र कायद्याचे कवच म्हणजे संरक्षण नव्हे. लोणार सरोवर वन्यजीव अभयारण्य आहे, पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखालची देवळे त्याच्या काठी आहेत, २०२० पासून ते रामसर क्षेत्रही आहे. तरी गावाचे सांडपाणी विवरात उतरण्याचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे वर्षानुवर्षे चालू राहिला. नाथसागरावर तरंगत्या सौर प्रकल्पाचा वादही असाच. बाष्पीभवन वाचेल आणि वीज मिळेल, हा एक पक्ष. अभयारण्याचे पाणी झाकले जाईल आणि मासेमारी बुडेल, हा दुसरा. हरित लवादाने २०२४ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये प्रकल्पाविरुद्धची मागणी मान्य केली नाही.

शेजारची उदाहरणे

जालन्याहून साठ किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरात दिल्ली दरवाजाजवळ सलीम अली सरोवर आहे. मोगल काळातला हा खिजरी तलाव. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांचे नाव त्याला नंतर मिळाले. शहराच्या मध्यात असूनही लव्हाळी, झाडी आणि पाणी यांमुळे इथे पक्ष्यांची विविधता टिकली. नौकाविहार आणि सुशोभीकरणाच्या योजनांना पक्षिमित्रांनी विरोध केला, प्रकरण औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले, आणि दीर्घकाळ सरोवर लोकांसाठी बंद राहिले. पक्ष्यांना शांतता मिळाली हे खरे. पण बंद दारामागे सांडपाणी आणि जलपर्णी यांचा प्रश्न तसाच राहिला, आणि शहराच्या एका पिढीने ते सरोवर कुंपणाबाहेरूनच पाहिले. ‘फक्त पक्ष्यांसाठी’ आणि ‘फक्त लोकांसाठी’ या दोन टोकांमधली जागा शोधणे किती कठीण, हे त्यातून दिसते.

जालन्याला सर्वात जवळचे उदाहरण अंतराने दूर असले तरी इतिहासाने जवळ आहे. होळकरांच्या इंदूरने पिण्याच्या पाण्यासाठी गंभीर नदीवर यशवंत सागर बांधला, तोही १९३० च्या दशकात, म्हणजे घाणेवाडीचाच समकालीन. शहराच्या पश्चिमेचा सिरपूर तलावही होळकरकालीन. सिरपूर एकेकाळी अतिक्रमण आणि कचऱ्याने वेढला होता. नागरिकांनी तो धरून ठेवला. २०२२ मध्ये दोन्ही रामसर यादीत गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये इंदूर व उदयपूर या शहरांना रामसर करारांतर्गत पाणथळ शहर म्हणून मान्यता मिळाली, भारतात प्रथमच. भोपाळचा मोठा तलाव तर अकराव्या शतकातला, राजा भोजाचा. त्याचे पाणी आजही शहर पिते आणि २००२ पासून तो रामसर क्षेत्र आहे. पिण्यासाठी बांधलेला तलाव पाणथळ म्हणून जपता येत नाही, हे म्हणणे या उदाहरणांपुढे टिकत नाही. नियमांतली सवलत ही सक्ती नव्हे; राज्याला आणि शहराला इच्छा असेल तर मार्ग निघतो.

काय ठरायचे आहे

पहिला अनिर्णित मुद्दा मालकीचा. तलावाचे पाणी एका खात्याचे, जमीन महसूलची, काठ महापालिकेचा, मासे ठेकेदाराचे, पक्षी वनखात्याचे, अशा वाटणीत कोणत्याही एका यंत्रणेला संपूर्ण जबाबदारी नसते. दुसरा पैशाचा. बांधकामासाठी ‘अमृत २.०’मधून निधी मिळू शकतो, राज्याच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात जलाशयांच्या कामाला गुण आहेत, केंद्राच्या पाणथळ योजनेत ६० टक्के वाटा केंद्राचा असतो. पण दरवर्षीची जलपर्णी काढणे, राखणदार आणि पाण्याची तपासणी यांचा खर्च कोणत्याही योजनेत बसत नाही, आणि राज्यभरातले सुशोभित तलाव त्या पायीच दोन-चार वर्षांत पूर्वपदावर येतात. तिसरा मुद्दा मोजणीचा. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते; एका तलावाची सलग दहा वर्षांची गणना असली तर गाळ काढल्याने पक्षी घटले की वाढले याचे उत्तर अंदाजावर सोपवावे लागत नाही.

पाण्याच्या हिशेबातही एक गोष्ट उघडी आहे. नाथसागराच्या पाइपलाइनवर शहर जितके विसंबेल तितके घाणेवाडी आणि मोती तलाव उद्यानासाठी मोकळे होतील. पण समन्यायी वाटपात जायकवाडीला वरच्या धरणांतून किती पाणी सोडायचे, हा नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यातला वाद प्रत्येक कमी पावसाच्या वर्षी उफाळतो. अशा वर्षी शहर पुन्हा घाणेवाडीकडेच वळेल. म्हणून घाणेवाडीकडे राखीव पाण्याचा साठा म्हणून पाहणे, शेपटाकडची पट्टी पाखरांना सोडणे आणि उद्यानाचा प्रयोग मोती तलावावर करणे, ही विभागणी व्यवहाराला धरून दिसते. तीही सांडपाण्यावरच अडते. मोती तलावात येणारे नाले आधी वळवून, प्रक्रिया केलेले पाणीच उन्हाळ्यात थोडे थोडे आत सोडावे लागेल. तोपर्यंत काठावर केलेला कोणताही खर्च वाया जाणारा आहे.

तलाव पाणथळ म्हणून अधिसूचित करायचे ठरलेच, तर त्याची प्रक्रिया तुलनेने लहान आहे. राज्य पाणथळ प्राधिकरणासाठी संक्षिप्त दस्तऐवज तयार होतो, त्यात सीमा, पाणलोट, सध्याचे वापर आणि हक्क नोंदवले जातात. प्राधिकरणाची शिफारस झाल्यावर प्रारूप अधिसूचना निघते, हरकतींसाठी साठ दिवसांची मुदत असते, आणि शिफारशीपासून २४० दिवसांत अंतिम अधिसूचना काढण्याची तरतूद २०१७ च्या नियमांत आहे.